हातांची पालखी : एका जुन्या रुग्णालयाच्या दारी

माद्रिद येथील रेइना सोफिया कलासंग्रहालयाची जुनी इमारत मूळची रुग्णालयाची. अठराव्या शतकात तिसऱ्या कार्लोसच्या कारकिर्दीत साबातीनी या वास्तुविशारदाने तिचे काम पुढे नेले. १९६५ मध्ये रुग्णालय बंद झाले, १९८६ मध्ये तेथे कलाकेंद्र सुरू झाले आणि सप्टेंबर १९९२ मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाचा स्थायी संग्रह खुला झाला. या स्थित्यंतराचा इतिहास बहुधा वास्तूच्या पुनरुज्जीवनाचा म्हणून सांगितला जातो. शुश्रूषेच्या अंगानेही तो वाचता येतो.

१ डिसेंबर १९९२ रोजी, जागतिक एड्स दिनी, पेपे एस्पालिऊ (१९५५-१९९३) या एड्सग्रस्त शिल्पकाराला दोघादोघांनी हात गुंफून उचलले. त्याचे अनवाणी पाय जमिनीला लागू न देता एक जोडी त्याला दुसरीच्या हाती सोपवीत गेली, आणि संसदभवनापासून निघालेली ही यात्रा संग्रहालयापाशी संपली. 'कॅरिंग' हे कृतीचे नाव वाहून नेणे आणि काळजी वाहणे या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांच्या उच्चारसाम्यावर बेतलेले आहे. मराठीत 'वाहणे' हे एकच क्रियापद दोन्ही अर्थ पेलते.

त्याच दिवशी 'एल पाईस' या दैनिकात एस्पालिऊचा लेख आला. त्याच्या शीर्षकात जॉइसच्या कादंबरीच्या नावाची छाया जाणवते. मात्र तरुण कलावंताच्या जागी तेथे 'देसाउस्यादो' कलावंत आहे. वैद्यांनी आशा सोडलेला रुग्ण आणि घराबाहेर काढलेला भाडेकरू, असे या स्पॅनिश शब्दाचे दोन अर्थ होतात. परिणामकारक संयुक्त औषधोपचार १९९६ च्या सुमारास आले. तोवर हे दोन्ही अर्थ एड्सग्रस्ताच्या वाट्याला एकत्रच येत. स्पर्शाची भीती समाजात खोल रुजलेली असताना उघड्या हातांनी त्याला उचलणे हेच या विधीचे सार होते.

एस्पालिऊ अंदालुसियातील कोर्दोबाचा. त्या प्रदेशात पवित्र सप्ताहात देवमूर्ती खांद्यांवरून मिरवतात. येथे मूर्तीच्या जागी आजारी देह आला. त्याने याच नावाने घडविलेल्या लोखंडी पालख्या बंदिस्त आहेत, त्यांत कोणालाही बसता येत नाही. हातांच्या पालखीने तो बंदिवास काही काळापुरता मोडला. पुढच्याच वर्षी एस्पालिऊ निवर्तला.

या कृतीने रोग बरा झाला नाही, तसा तिचा दावाही नव्हता. जेथे पूर्वी रुग्णाला उपचारासाठी आणीत, तेथे कलावंत रुग्ण म्हणूनच पोहोचला, आणि शुश्रूषेचे कर्तेपण संस्थेकडून नागरिकांच्या हातांत आले. रुग्णालयाचे संग्रहालय होताना जे विस्मृतीत जाऊ पाहत होते, ते या यात्रेने त्याच दारी आणून ठेवले.