पहिले महायुद्ध, नगर आणि तह
पहिले महायुद्ध जुलै १९१४ मध्ये युरोपात पेटले. त्याची झळ आपल्या नगरपर्यंत आली: ब्रिटिशांनी भारतातील जर्मन नागरिकांना अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत ठेवले. महारांसाठी बंद केलेली सैन्यभरती युद्धाच्या गरजेपोटी उघडली आणि १९१७ मध्ये '१११वी महार' पलटण उभी राहिली.

११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाली. लढाई थांबली, पण जर्मनीशी युद्ध कायद्याने संपले ते २८ जून १९१९ ला सह्या झालेल्या व्हर्सायच्या तहाने. त्यावर भारताच्या वतीनेही सह्या झाल्या. जर्मनीवर युद्धाची जबाबदारी व नुकसानभरपाई लादली गेली; ती सल कायम राहिली आणि १९३९ मध्ये पुन्हा महायुद्ध भडकले.

इकडे महार पलटण १९२१ मध्येच बरखास्त झाली. बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली.

सूडावर उभा राहिलेला तह टिकत नाही आणि लढणाऱ्यांना विसरणारी शांतता अपुरी असते, असे आम्ही मानतो. गावात अत्याचाराच्या प्रकरणात 'मिटवून घ्या' म्हणणाऱ्यांना आपण एवढेच विचारावे: यात न्याय कुणाला मिळाला?