सौर पॅनेलांची ड्रोन तपासणी

थर्मल कॅमेरा बसवलेला ड्रोन सौर पॅनेलांवरून उडवून तापमानातील फरकावरून बिघाड शोधण्याची पद्धत. पॅनेलवर पडलेल्या उन्हाचा काही भाग वीज होऊन बाहेर जातो, बाकीच्याची बहुतांश उष्णता होते. ज्या भागातून वीज निघत नाही तो शेजारच्यापेक्षा अधिक तापतो आणि अवरक्त चित्रात उठून दिसतो.

पॅनेलमधला एकच घट (सेल) तापलेला असेल तर तडा, सांध्यातला दोष किंवा सावली यांचा संशय घ्यावा. सावलीतला घट वीज देण्याऐवजी शेजारच्या घटांची वीज खाऊ लागतो. हाच ‘हॉट स्पॉट’. पॅनेलचा एक तृतीयांश पट्टा गरम दिसला तर बहुधा बायपास डायोडकडे, म्हणजे बिघडलेल्या पट्ट्याला वळसा घालून वीज जाऊ देणाऱ्या भागाकडे, बोट जाते. अख्खी रांग सारखीच कोमट असेल तर पॅनेले बहुधा धडधाकट असून फ्यूज उडालेला किंवा जोडणी सुटलेली असते. मात्र कबुतराची वाळलेली विष्ठाही हुबेहूब हॉट स्पॉटसारखी दिसते. म्हणून सोबत साधे छायाचित्र घेतात, आणि तरीही शेवटी कुणाला तरी वर चढून मीटर लावावाच लागतो. थर्मल चित्र जागा दाखवते, कारण नाही.

2017 च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासणीवेळी दर चौरस मीटरला किमान 600 वॅट ऊन हवे. काचेत आकाशाचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे कॅमेऱ्याचा कोनही सांभाळावा लागतो. वाऱ्याने पॅनेले थंड होऊन फरक पुसट होतो. उदाहरणार्थ, चेन्नईत उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो, तेव्हा त्याआधीची वेळ बरी.

चेन्नईच्या जॉर्ज टाउनलगतच्या सेंट्रल स्थानकात फलाटांच्या छपरांवर 1.5 मेगावॉटची सौर यंत्रणा आहे. दिवसाची सगळी वीज उन्हातून मिळवणारे स्थानक म्हणून 2021 मध्ये त्याचा गाजावाजा झाला. खाली गाड्यांची वर्दळ, जवळच 25,000 व्होल्टची तार. माणसाला चढणे अवघड अशा छपरांसाठीच ही पद्धत खरी उपयोगाची. तारेजवळ ड्रोन उडवणे मात्र तितकेच जोखमीचे. शिवाय बंदर व उच्च न्यायालय, तसेच सचिवालय असलेला सेंट जॉर्ज किल्ला जवळच, त्यामुळे उड्डाणाचे नियमही पाहावे लागतात. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे व लाल असे भाग पाडलेले असून पिवळ्या व लाल भागांत परवानगीशिवाय उडता येत नाही.

जॉर्ज टाउनमधील सावकारपेठेसारख्या दाट वस्तीत गच्च्यांवरील पाण्याच्या टाक्या आणि जिन्यांची छपरे यांच्या सावल्या हेच हॉट स्पॉटचे मोठे कारण ठरू शकते. तिथल्या दहा-बारा पॅनेलांना हातातला थर्मल कॅमेरा पुरतो. आयआयटी मुंबईतील राष्ट्रीय प्रकाशविद्युत संशोधन केंद्राने 2013 पासून केलेल्या देशव्यापी पाहण्यांतही अवरक्त चित्रणाचा वापर झाला. उष्ण हवामानात पॅनेले लवकर झिजतात आणि मोठ्या प्रकल्पांपेक्षा छोट्या यंत्रणांची स्थिती अधिक वाईट असते, असे त्यांतून दिसले.