जुन्नरचा तरफदार, अल्माटीचा सेक्रेटरी

जुन्नरला जाणारे शिवनेरी बघतात, लेण्याद्री बघतात, वेळ उरला तर नाणेघाट. हे गाव काही वर्षं एका नव्या राज्याची राजधानी होतं, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात एका ओळीत उरकलेली असते: १४९०, मलिक अहमद, निजामशाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून पंधरा देश कसे निघाले हे वाचत होतो, तेव्हा ती ओळ मला नीट समजली.

मोठं राज्य काचेसारखं वाटेल तसं फुटत नाही. ते चॉकलेटच्या वडीसारखं, आधीच पाडलेल्या खाचांवर तुटतं. आणि खाचा पाडणारा बहुतेक वेळा राज्य वाचवायला निघालेला असतो.

बहमनी राज्य १३४७ चं. त्याचे चार मोठे प्रांत होते, त्यांना तरफ म्हणत. तरफदार डोईजड होऊ लागले, तेव्हा वजीर महमूद गावानने चाराचे आठ केले. दौलताबादमधून जुन्नर वेगळं निघालं ते इथे. शिवाय तरफदाराच्या हाती किल्ला एकच, बाकी किल्ल्यांवर किल्लेदार थेट सुलतानाने नेमायचा. आमच्या भाषेत, अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस कुणा एकाकडे ठेवायचा नाही. डिझाइन चांगलंच होतं. पण १४८१ मध्ये विरोधकांनी एक बनावट पत्र पुढे केलं आणि सुलतानाने गावानलाच मारलं. वर्षभरात सुलतान गेला, गादीवर अल्पवयीन मुलगा बसला. कारभार आला मलिक हसन निजाम-उल-मुल्ककडे, आणि त्याचा मुलगा अहमद जुन्नरवर.

पुढचं फिरिश्ता सांगतो. हा इतिहासकार नगरात वाढलेला, पण लिहिलं शंभरेक वर्षांनी, विजापुरात बसून. त्यामुळे थोडं जपूनच वाचायचं. अहमदने शिवनेरी मागितली तर गडावरच्या मराठा शिबंदीने नकार दिला. सुलतान अजून लहान आहे, तो मोठा झाल्याशिवाय गड सोडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. गावानचा नियम गावानच्या मागेही पाळणारी हीच माणसं! बराच काळ वेढा पडला, गड गेला, आणि आत पाच वर्षांचा साठलेला महसूल सापडला. मग चावंड, जीवधन, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर. एकेक किल्ला घेत अहमद बिदरचा अ‍ॅक्सेस काढून घेत होता.

१४८६ मध्ये बिदरला त्याच्या बापाचा खून झाला, आणि मागे वळून बघायचं कारणच उरलं नाही. १४९० मध्ये त्याने भिंगारजवळ बहमनी फौज मोडली. तिकडे विजापुरात युसूफ आदिलखान आणि वऱ्हाडात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क, दोघेही तरफदारच, त्याच वाटेने निघाले होते. तरीही पाऊल बिचकतच पडलं. अहमदने पांढरं छत्र धरलं तेव्हा काही सरदार कुरकुरले. तर म्हणे, हे फक्त उन्हासाठी आहे. बिदरला बहमनी सुलतान मात्र पुढे कितीतरी वर्षं नावापुरता बसून होता.

आता १९९१. नुरसुलतान नझरबायेव १९८९ पासून कझाक कम्युनिस्ट पक्षाचे पहिले सेक्रेटरी, म्हणजे मॉस्कोचे तरफदारच. त्यांच्या प्रजासत्ताकाच्या रेषा १९२० आणि ३० च्या दशकांत आखल्या गेल्या, वेगळा देश व्हावा म्हणून नव्हे, कारभार नीट चालावा म्हणून. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याचं जाहीर केलं. कझाकस्तानने १६ डिसेंबरला, सगळ्यांत शेवटी, स्वातंत्र्य घोषित केलं. सेक्रेटरी आधीच राष्ट्राध्यक्ष झाला होता, आणि प्रांताची हद्द ही देशाची सीमा झाली. त्यांच्या हद्दीतही मॉस्कोचे ‘किल्ले’ होते, म्हणजे अण्वस्त्रं. अहमदने किल्ले घेतले. कझाकस्तानने १९९५ पर्यंत अण्वस्त्रं परत पाठवली.

कागदावरच्या रेषेचं भूत नंतर उठतं. क्रायमिया १९५४ मध्ये रशियाकडून युक्रेनकडे गेला तेव्हा ती एकाच देशातली बदली होती. २०१४ मध्ये त्यासाठी सैन्य आलं. आपल्याकडची पाथरी तशीच. निजामशहांचं मूळ घराणं तिथलं असं फिरिश्ता सांगतो, पण वाटणीत ती गेली वऱ्हाडच्या इमादशाहीत. अहमदचा मुलगा बुऱ्हाण गादीवर आल्यावर पाथरीसाठी लढाया झाल्या.

इथवर साम्य बरोबर बसतं. पण युक्रेनमध्ये १ डिसेंबर १९९१ ला लोकांना विचारलं गेलं, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी स्वातंत्र्याला होकार दिला. कझाकस्तानात त्याच वर्षी मार्चमध्ये तितक्याच मोठ्या बहुमताने लोकांनी संघ टिकवायला मत दिलं होतं; नऊ महिन्यांनी ते स्वतंत्र देशात होते. दोन्हींना ‘स्वातंत्र्य’ हा एकच शब्द वापरणं मला पटत नाही. जुन्नर कझाकस्तानच्या बाजूचं. इथे कुणाला विचारण्याची पद्धतच नव्हती. १४९४ मध्ये अहमदने भिंगारजवळ नवं शहर वसवायला घेतलं आणि राजधानीही जुन्नर सोडून गेली. शिवनेरीवर सापडलेल्या त्या पाच वर्षांच्या महसुलात कुकडी आणि घोडच्या खोऱ्यांतला शेतसाराही असणार. अहमदने तो सरदारांत आणि सैनिकांत वाटून टाकला.