'अगेन', 'पुन्हा' आणि 'पण'

इंग्रजी टिपणांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना 'अगेन' म्हणजे 'पुन्हा' हे सांगावयास नको. परंतु हा अर्थ त्या शब्दाला उतारवयात लाभलेला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याच्या पूर्वरूपाचे अर्थ 'समोर', 'विरुद्ध' आणि 'माघारी' असे होते. जर्मन भाषेतील त्याचा भाऊबंद 'गेगेन' हा आजही 'विरुद्ध' याच अर्थाने नांदतो. 'पुन्हा' असे म्हणावयाचे झाल्यास त्या काळचे इंग्रज 'एफ्ट' हा निराळाच शब्द योजीत.

जो माघारी आला तो पुन्हा आलाच! या न्यायाने दोन अर्थांतील अंतर पुसट झाले. १४ व्या शतकाच्या सुमारास 'अगेन'ने 'एफ्ट'चे काम उचलले आणि 'एफ्ट' यथावकाश लोप पावला. विरोधाचा वारसा 'अगेन'पासूनच सिद्ध झालेल्या 'अगेन्स्ट'कडे गेला. खंडन करणे या अर्थाच्या 'गेनसे'तही तो उरला आहे.

हिशेबात हा शब्द आला म्हणजे विशेष सावध असावे. 'हाफ ॲज मच अगेन' म्हणजे दीडपट. घाईने 'निम्मे' असे भाषांतर केल्यास १०० चे १५० होण्याऐवजी ५० होतील!

मौज अशी की, आपल्याकडील शब्दही याच वाटेने चालले आहेत. 'परत ये' यातील 'परत' माघारीचा, तर 'परत सांग' यातील 'परत' पुन्हाचा. संस्कृत 'पुनर्' यालाही वैदिक काळापासून 'माघारी' आणि 'पुन्हा' हे दोन्ही अर्थ आहेत. त्याच 'पुनः'पासून प्राकृतातून आपले 'पण' हे अव्यय आले. इंग्रजही दुसरी बाजू मांडताना 'देन अगेन' म्हणतोच. येथे कोणी कोणाची उसनवारी केलेली नाही. परतणे, आवृत्ती आणि विरोध यांचे नाते मानवी मनातच जुळलेले असावे.

राजद्रोहाच्या शिक्षेतून १८९८ साली सुटल्यानंतर लोकमान्य टिळकांनी १८९९ च्या जुलैत 'केसरी'ची सूत्रे पुनरपि हाती घेतली, तेव्हा अग्रलेखास मथळा दिला : 'पुनश्च हरिः ॐ'. आपल्या आसनावर माघारी येणे, थांबलेले कार्य पुन्हा आरंभणे आणि त्याच सत्तेसमोर उभे ठाकणे, हे तिन्ही अर्थ त्या एका 'पुनश्च'ने वाहिले. सरकारी भाषांतरकाराने त्यासाठी कोणता इंग्रजी शब्द योजला असता? 'अगेन' हाच, आणि त्या शब्दाचा पूर्वेतिहास पाहता तो चुकला नसता.