उपासकाळाची बेगमी

धर्माचा इतिहास लिहिताना आपली दृष्टी बहुधा धर्मपीठांकडे, धर्मसभांकडे आणि त्यांच्या आज्ञापत्रांकडे जाते. परंतु एखादे व्रत जेव्हा शतकानुशतके लक्षावधी घरांतून पाळले जाते, तेव्हा ते आज्ञापत्रांच्या बळावर जितके टिकते त्याहून अधिक, त्या घरांतील कोठी सांभाळणाऱ्यांच्या दूरदृष्टीवर टिकते, ही गोष्ट सहसा कोणी नोंदवून ठेवीत नाही. ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ हे या विधानाचे ठळक उदाहरण होय. या काळात काय वर्ज्य आहे हे धर्मगुरूंनी सांगितले. पण जे वर्ज्य नाही तेवढ्यावर अवघ्या घराचे पोट सहा आठवडे कसे भरावे, हे ज्यांनी ठरविले त्यांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. सुदैवाने त्यांच्यापैकी काहींची दप्तरे मात्र उरली आहेत, आणि ती वाचताना त्या काळाच्या भक्तीचे जे दर्शन घडते ते प्रवचनांच्या ग्रंथांतून घडत नाही.

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून या व्रताचा आरंभ होतो आणि पुनरुत्थानाच्या रविवारी त्याची सांगता होते. हे दिवस वस्तुतः 46 भरतात. त्यांतील सहा रविवार उपासात धरीत नाहीत, म्हणून संख्या 40 राहते. मध्ययुगीन पश्चिम युरोपात या काळाचे नियम आजच्यापेक्षा पुष्कळच कडक होते. दिवसातून एकच पूर्ण भोजन घ्यावयाचे, तेही आरंभीच्या शतकांत सूर्यास्ताच्या प्रार्थनेनंतर. पुढे ती वेळ हळूहळू अलीकडे येत तिसऱ्या प्रहरावर आणि अखेर मध्यान्हावर आली आणि रात्रीसाठी अल्पोपाहाराची मुभा मिळाली. मांस तर वर्ज्य होतेच, पण अंडी, दूध, लोणी आणि चीज हेही वर्ज्य होते, आणि रविवारी उपास सुटला तरी हा निषेध सुटत नसे. इटली किंवा स्पेन येथे, जेथे ऑलिव्हचे तेल घरोघरी असे, तेथे हा नियम जाचक वाटला तरी अशक्य वाटत नसे. परंतु फ्रान्सचा उत्तर भाग, इंग्लंड आणि जर्मन प्रांत येथील स्वयंपाक ज्या डुकराच्या चरबीवर आणि लोण्यावर उभा होता, तेच दोन्ही पदार्थ एका बुधवारी सकाळी स्वयंपाकघरातून नाहीसे होत.

ते एका बुधवारी नाहीसे होत खरे, पण त्यांच्या जागी काय यावे याची तजवीज त्या बुधवारच्या चार-पाच महिने अगोदर करावी लागे. हेरिंग हा उत्तर समुद्रातील मासा शरद ऋतूत थव्यांनी किनाऱ्याजवळ येतो. त्याच्या अंगी चरबी फार असल्याने तो लवकर नासतो, म्हणून तो ताबडतोब खारवून पिंपांत दाबावा लागे किंवा धुरी देऊन लाल करून ठेवावा लागे. इंग्लंडमधील यार्मथ येथे त्याची मोठी जत्रा शरदातच भरे. नॉर्वेच्या किनाऱ्यावर थंड वाऱ्यात वाळविलेला, लाकडासारखा कडक झालेला कॉड बर्गेनच्या बंदरातून हान्से संघाचे व्यापारी दक्षिणेकडे आणीत. बदाम, अंजीर आणि मनुका भूमध्य समुद्राकडून येत. सुका वाटाणा आणि घेवडा हे तेवढे घरच्या शेतातले. यांपैकी कोणता जिन्नस केव्हा स्वस्त असतो, कोणता किती दिवस टिकतो, आणि उपासकाळ तोंडावर आला की व्यापारी कशाचा भाव चढवितात, हे ज्या घरात ठाऊक नसे त्या घराचा उपासकाळ कर्जाचा होई. हिवाळ्याच्या तोंडी मारून खारविलेले डुकराचे मांस याच सुमारास संपत आलेले असे, गाई आटलेल्या असत आणि नवे पीक दूर असे. तेव्हा ऋतूने जे हिरावून घेतले होते त्यालाच धर्माने व्रताचे रूप दिले, असे काही अभ्यासक म्हणतात. मला हे अर्धेच खरे वाटते. कोंबड्या ऐन याच काळात अंडी घालू लागतात आणि ती खाण्यास मनाई असल्याने घरात साठत जातात. केवळ टंचाईनेच हे व्रत घडविले असते तर अंड्यांवर बंदी कशाला आली असती? या साठलेल्या अंड्यांची विल्हेवाट पुढे ईस्टरच्या सणात लागली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या हिशेबात ईस्टरला रंगवून वाटण्यासाठी घेतलेल्या 450 अंड्यांबद्दल 18 पेन्स खर्ची पडलेले आहेत.

या साऱ्या व्यवस्थेचे सर्वांत जिवंत चित्र ज्या ग्रंथात सापडते तो 1393 च्या सुमारास पॅरिसमधील एका सधन नागरिकाने लिहिला. त्याचे नाव आपल्याला उपलब्ध नाही. ग्रंथ ‘ल मेनाजिये द पारी’ या नावाने ओळखला जातो, तो छापून प्रसिद्ध झाला 1846 मध्ये, आणि 1928 मध्ये आयलीन पॉवर या विदुषीने त्याचा इंग्रजी अनुवाद केला. लेखक उतारवयाचा होता आणि त्याने पंधरा वर्षांच्या अनाथ मुलीशी विवाह केला होता. परक्या घरी येऊन पडलेल्या त्या मुलीने, आपल्या चुका चारचौघांत न दाखविता एकांतात सांगाव्यात, अशी त्याला विनंती केली आणि त्या विनंतीचे उत्तर म्हणून त्याने हा ग्रंथ सिद्ध केला. आपल्या पश्चात ती दुसरा विवाह करील हे त्याने गृहीत धरले होते, आणि तिच्या दुसऱ्या घरीही तिच्या गृहकौशल्याने आपला लौकिक व्हावा अशी त्याची इच्छा होती. वयातील ती तफावत आपल्याला खुपते, आणि खुपावी. तथापि, ग्रंथ वाचीत गेले की त्यातील अकृत्रिम ममता नाकारता येत नाही.

गृहव्यवस्थेचा त्याचा भाग आपल्याकडील जुन्या वाड्यांतील कारभाराची आठवण करून देणारा आहे. जेआं नावाचा कारभारी आणि आन्येस नावाची व्रतस्थ प्रौढ स्त्री या दोघांच्या हातून घर चालते. नोकर निवडणे, त्यांच्याशी मजुरी अगोदर ठरविणे, किल्ल्या कोणाकडे राहाव्यात, रात्री दारे लावून चुलीतला विस्तव कसा झाकावा, नोकरांनी निजताना मेणबत्ती कपड्याने न विझविता तोंडाने किंवा हाताने विझवावी, अंथरुणांतील पिसवा कशा घालवाव्यात, झग्यावरचा तेलाचा डाग कसा काढावा, इतका तपशील त्याने दिला आहे. आणि मग येतात भोजनांच्या याद्या. त्या त्याने दोन वर्गांत विभागल्या आहेत, मांसाच्या दिवसांच्या आणि माशांच्या दिवसांच्या. वर्षभर या दोन्ही वहिवाटी सांभाळणाऱ्या गृहिणीला उपासकाळ नवखा वाटू नये अशीच ही रचना आहे. उपासकाळातील एका भोजनाच्या पहिल्या वाढणीत शिजविलेली सफरचंदे, लॉरेलची पाने घालून भाजलेले प्रोव्हान्सचे मोठे अंजीर, सिरका घातलेला आंबट पाला, वाटाण्याचे कढण, खारवलेली वाम आणि पांढरे हेरिंग असा थाट आहे. हे अर्थात पाहुण्यांचे ताट होय, रोजचे नव्हे.

रोजच्या ताटाचा विचार त्याच्या पाककृतींतून दिसतो, आणि माझ्या मते ग्रंथाचे खरे मोल तेथे आहे. एरव्ही वाटाण्याच्या कढणात डुकराच्या मांसाचे तुकडे पडत. उपासकाळात त्यांच्या जागी व्हेलचे खारवलेले मांस घालावे, ते मांसाप्रमाणेच चिरून पाण्यात शिजवावे, असे तो सांगतो. व्हेल मासाच समजला जाई, म्हणून ही सोय शास्त्रात बसत होती. दहा-बारा वर्षे ठेवलेला वाळका कॉड शिजवायचा असेल तर तो प्रथम लाकडी हातोडीने चांगला वेळ कुटावा आणि मग कोमट पाण्यात बारा तास किंवा अधिक भिजवावा. म्हणजे उद्याच्या मध्यान्हीच्या भोजनाची आठवण आजच झाली पाहिजे. दुधाच्या जागी बदामाचे दूध घ्यायचे, त्यासाठी बदाम उकळत्या पाण्यातून काढून सोलायचे, उखळात वाटायचे, पाण्यात कालवून फडक्यातून गाळायचे; लोण्याच्या जागी तेल. जो कोणी हे वाचील त्याला उमगेल की उपासकाळात अन्न कमी होत असले तरी स्वयंपाकाचे श्रम वाढत होते. यजमान एक वेळ जेवून व्रतस्थ राही, आणि त्याचे ते एक जेवण सिद्ध करण्यासाठी स्वयंपाकघर दीड दिवस राबे.

शिवाय एका छपराखाली सर्वांचे नियम सारखे नसत. तेराव्या शतकातील थोर धर्मशास्त्री टॉमस अक्वायनस याच्या मते वाढीचे वय पुरे होईपर्यंत, म्हणजे एकविसाव्या वर्षापर्यंत, एकभुक्त राहण्याचे बंधन नाही. आजारी, गर्भवती आणि कष्टकरी यांनाही सूट होती. या मानाने पाहिले तर ज्या मुलीवर साऱ्या घराच्या उपासाची व्यवस्था पाहण्याचा भार होता ती स्वतः वयाने त्या उपासातून मुक्त होती.

मोठ्या घराण्यांत हीच गोष्ट वेगळ्या प्रमाणात दिसते. लेस्टरची काउंटेस एलिनॉर द माँफोर हिच्या घरखर्चाची 1265 मधील गुंडाळी आज लंडनमध्ये सुरक्षित आहे. ती म्हणजे शुद्ध रोजकीर्द होय: कोणत्या दिवशी धान्य किती, द्राक्षासव किती, घोड्यांना चारा किती. उपासकाळातील तिच्या नोंदींत स्वयंपाकघराची कलमे वेगळीच दिसतात. मांसाची नावे नसतात आणि दिवसामागून दिवस हेरिंगचे आकडे शेकड्यांनी येत राहतात. त्या वर्षी तिचा पती सिमॉन राजाला नजरकैदेत ठेवून राज्य चालवीत होता आणि ऑगस्टमध्ये तो रणांगणावर पडणार होता. पण कारकुनाने हेरिंग मोजणे सोडले नाही. अशीच शिस्त सैन्यांतही होती. 1429 च्या फेब्रुवारीत ऑर्लेआंला वेढा घालून बसलेल्या इंग्रजांसाठी सर जॉन फास्टॉल्फ गाड्यांचा तांडा घेऊन निघाला, त्याच्यावर रूव्रे येथे फ्रेंचांनी हल्ला केला, आणि गाड्यांत उपासकाळाच्या शिध्याची पिंपे होती म्हणून ती लढाई इतिहासात ‘हेरिंगची लढाई’ म्हणून राहिली.

नियम जितका कडक, तितकी त्यातून सुटकेची मागणी अधिक. तेल न पिकणाऱ्या प्रदेशांतून लोण्याच्या परवान्यासाठी रोमकडे अर्ज जात. सॅक्सनीला 1491 मध्ये तशी परवानगी मिळाली. रूआं येथील प्रधान चर्चचा एक बुरूज, ज्याचे काम 1485 मध्ये सुरू झाले, उपासकाळात लोणी खाण्याची मुभा घेणाऱ्यांच्या देणग्यांतून उभारला म्हणून आजही ‘लोण्याचा बुरूज’ म्हटला जातो. ल्यूथरने या पैशांच्या व्यवहारावर कडाडून टीका केली. 1522 मध्ये झुरिच येथे क्रिस्टोफ फ्रोशाउअर या मुद्रकाच्या घरी ऐन उपासकाळात मांस खाल्ले गेले आणि त्या प्रकरणातून तेथील धर्मसुधारणेला तोंड फुटले. फ्रोशाउअरने नगरसभेपुढे जे समर्थन केले त्यात शास्त्राबरोबर व्यवहारही होता: छपाईचे काम रात्रंदिवस चालले आहे, माणसांना नुसत्या पेजेवर राबविता येत नाही आणि रोज मासे घेण्याची ऐपत नाही. झुरिचचा धर्मोपदेशक झ्विंगली याने या प्रकरणावर केलेल्या प्रवचनाची आठवण सर्वच इतिहासकार काढतात. मला मात्र या मुद्रकाच्या घरखर्चाचा प्रश्न तितकाच निर्णायक वाटतो. इंग्लंडने तर धर्म बदलूनही माशांचे दिवस ठेवले. 1563 च्या कायद्याने बुधवारही त्यांत घातला, कारण कोळी टिकले नाहीत तर आरमाराला खलाशी मिळणार नाहीत, हे राणी एलिझाबेथचा मंत्री सेसिल याचे गणित होते.

हे व्रत पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि वसईत आले, तेव्हा त्याची गाठ सर्वस्वी वेगळ्या स्वयंपाकघराशी पडली. उत्तर युरोपातील गृहिणीला जे बाहेरून आणावे लागे ते येथे दारात होते. मासा हे रोजचेच अन्न होते, सुके बोंबील आणि खारवलेला बांगडा घरोघरी होते, आणि बदामाचे दूध काढण्याची यातायात करण्याचे कारण नव्हते, कारण नारळाचा रस कोकणच्या आमटीत पूर्वीपासूनच पडत होता. फादर टॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये आपले ‘क्रिस्तपुराण’ ज्या गोव्यात सिद्ध केले, त्या गोव्याच्या नवख्रिस्ती घरांना मांस आणि दूधदुभते सहा आठवडे सोडणे पॅरिसच्या मानाने हलके गेले असले पाहिजे. येथे खरी बेगमी व्रताची नसून पावसाची असते. मृगाच्या आत घर शाकारून, सरपण कोरडे ठेवून, सुकी मासळी, मिरची, कांदा, चिंच आणि कोकम भरून ठेवावे लागते. या साठवणीला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, आणि मडगावच्या पवित्र आत्म्याच्या चर्चच्या फेस्ताला त्याचाच मोठा बाजार भरतो. ते फेस्त पेन्टेकॉस्टचे, म्हणजे ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास येणारे. पॅरिसच्या कारभाऱ्याची खरेदी उपासकाळापूर्वी पुरी होत असे; गोव्याच्या गृहिणीची उपासकाळ सरल्यावर सुरू होते, आणि तिची तारीखही ईस्टरच्या त्याच गणिताने ठरते.