मागच्या बाजूची नावं

फोटो इयत्ता सातवीचा आहे, १९६१-६२ चा. मुलं-मुली मिळून अडतीस. मधल्या खुर्च्यांवर शिक्षक, त्यात उजवीकडून दुसरी माझी आत्या. नऊवारीतून नुकतीच पाचवारीत आलेली, आणि तो पदर कुठे ठेवायचा याचा अंदाज अजून न आलेली. आत्या गेल्यावर तिच्या एलआयसीच्या पावत्यांच्या फायलीत हा फोटो सापडला. तसा मी तो लहानपणापासून पाहत होतो, पण बहुतेक पुढच्या बाजूने. खरा ऐवज मागच्या बाजूला आहे.

मागे पेन्सिलीने सगळ्यांची नावं लिहिलेली आहेत, ओळीने. आणि नावांपुढे वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या साली लिहिलेली इस्रायलमधली गावं. लोद. अश्दोद. बीरशेबा. दिमोना. एकापुढे दिमोना खोडून रामला. तिघांपुढे फुली. अकरा नावांपुढे काहीच नाही.

त्या अकरांचं मी आत्याला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "ती मुंबईतच राहिली ना! त्यांचा पत्ता मला कसा ठाऊक असणार?"

म्हणजे चार हजार किलोमीटरवर गेलेल्या पोरांची सून कुठली, नातू किती, हे तिला पाठ; आणि ठाण्या-कल्याणला राहिलेली हरवली. माजी विद्यार्थ्यांना शाळेशी बांधून ठेवायचं म्हणजे काय, यावर मी बरीच भाषणं ऐकली आहेत. आत्याच्या या उत्तराइतकं कुठलंच लक्षात राहिलेलं नाही.

शाळा माझगावची, सर एली कदूरी. आत्या तिथे मराठी आणि इतिहास शिकवायला लागली १९५९ साली. नोकरी ज्यू लोकांच्या शाळेत आहे म्हटल्यावर आजोबा जरा चपापले होते. परके लोक, त्यांची भाषा वेगळी, आणि शनिवारी सुट्टी हे कसलं! पहिल्या दिवशी संध्याकाळी घरी आल्यावर आत्याने त्यांना हजेरीपट तोंडपाठ म्हणून दाखवला. पेणकर, आष्टमकर, किहिमकर, नवगावकर, दिवेकर, राजपूरकर. आजोबा अलिबागकडचे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ही तर सगळी आपल्या अंगणातली माणसं."

नावं मोशे, दावीद, शलोमो. आडनावं मात्र सगळी कुलाबा जिल्ह्यातली. घरात बोलणं मराठीत. बायका काचेच्या बांगड्या आणि मंगळसूत्र घालणाऱ्या. सणांचीसुद्धा त्यांनी मराठी नावं केलेली: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा रोजा. आत्याच्या स्वयंपाकघरात पुढे कालनिर्णयच्या शेजारी त्यांचं कॅलेंडरही लागलं. कुठल्या दिवशी वर्ग रिकामा असणार, हे कळायला हवं ना!

शाळेच्या आधीची गोष्ट मला सांगितली ती आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या काकांनी. ते स्वतः बेने इस्रायल, म्हणजे याच कोकणी ज्यूंपैकी, आणि त्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांची गोष्ट सुरू व्हायची ती थेट अलिबागजवळच्या नवगावच्या समुद्रात. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ बुडाले. कधी? काका हात हवेत फिरवून म्हणायचे, "खूप पूर्वी." इतिहासकारांनाही याहून फार पक्कं सांगता येत नाही, म्हणून मी कधी ताणलं नाही. वाचलेले लोक कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. ग्रंथ गेले, प्रार्थना बहुतेक विसरल्या, पण शनिवार तेवढा टिकला. काका हे सांगताना दर वेळी बोट वर करायचे.

मग ही माणसं मुंबईला आली, कंपनी सरकारच्या पलटणीत शिरली, सुभेदार झाली. आणि मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांची पोरं जाऊ लागली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं चौपाटीवर कॉलेज आहे, त्यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. ज्या भाषेत आपले पूर्वज देवाला हाक मारायचे, ती भाषा या लोकांना एका ख्रिस्ती पाद्र्याने मराठीच्या हाताला धरून शिकवली. विल्सनसाहेबांचा हेतू काही निव्वळ विद्यादानाचा नव्हता. पण धर्म बदलणारे फारच थोडे निघाले. काकांच्या शब्दांत, "मुळाक्षरं घेतली, बाप्तिस्मा ठेवला."

तरी दुसऱ्याच्या ओसरीवर किती दिवस शिकायचं? हाईम सॅम्युएल किहिमकर हे सरकारी नोकरीतले गृहस्थ. भावांना आणि समविचारी मंडळींना जमवून त्यांनी १८७५ मध्ये इस्रायलाइट स्कूल काढलं. इंग्रजी, मराठी आणि सोबत हिब्रू. पैशांची ओढाताण कायमची. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनकडे हात पसरावे लागत. याच किहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून १८९७ मध्ये पुरा केला. तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं ते बाड कुणीतरी उशाशी सांभाळलं असणार. त्या 'कुणीतरी'बद्दल मला किहिमकरांइतकंच कुतूहल आहे.

कदूरी हे नाव नंतरचं, तीसच्या दशकातलं. एली कदूरी मूळ बगदादचे, तिथल्या ज्यू शाळेत शिकलेले. पोरवयात ससूनांच्या पेढीवर नोकरीला लागले आणि पुढे हाँगकाँग-शांघायला गडगंज झाले. बगदादला त्यांनी पत्नीच्या नावाने मुलींची शाळा बांधून दिली आणि माझगावच्या शाळेलाही देणगी दिली. बगदादी ज्यू आणि आपले कोकणी ज्यू यांच्यात तेव्हा रोटी-बेटीचे व्यवहार सहजी होत नसत. बगदादी स्वतःला वरचढ समजत. भायखळ्याला त्यांची वेगळी जेकब ससून शाळा होतीच. तरी कोकणातल्या तेल्यांच्या शाळेवर बगदादचं नाव लागलं ते कायमचं.

काका बोलण्यात खरे रंगायचे ते रिबेका रूबेन यांच्या आठवणीत. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आलेली ही बाई विलायतेत शिकून आली आणि १९२२ पासून १९५० पर्यंत या शाळेची मुख्याध्यापिका होती. अठ्ठावीस वर्षं. इंग्रजी शिकवायला तिने स्वतः पाठ्यपुस्तकं लिहिली. काकांची पिढी बाईंच्या शेवटच्या वर्षांतली. तेव्हाची इंग्रजी कविता ते सत्तरीतही धडाधड म्हणून दाखवत आणि मग लगेच हळू आवाजात विचारत, "उच्चार बरोबर आले का रे?" विचारत मला, पण पाहत दाराकडे.

समाजातली सगळीच पोरं इथे येत होती असं मात्र नाही. ऐपत असलेले कॉन्व्हेंटकडे वळत. कवी निसिम इझिकेलसुद्धा शिकले ते अँटोनिओ डिसूझा हायस्कूलमध्ये. काकांना याची बोच होती. "मोठी नावं दुसऱ्यांकडे गेली, आमच्याकडे राहिले कारकून, फिटर आणि नर्सा," असं ते म्हणत. त्यात तक्रार किती आणि अभिमान किती, ते मला कधी नीट कळलं नाही.

आणि मग शाळा रिकामी व्हायला लागली. १९४८ ला इस्रायल झालं तेव्हा भारतात विसेक हजार बेने इस्रायल होते. पहिली कुटुंबं गेली, त्यांतली काही १९५२ मध्ये चिडून परतही आली. तिकडे आपल्याला काळे म्हणून हिणवतात, अशी त्यांची तक्रार होती. त्यांतला एक मुलगा काकांच्या वर्गात त्याच बाकावर पुन्हा येऊन बसला, पण त्याला आता शाळेत करमेना. दोन वर्षांनी बापाबरोबर पुन्हा गेला. दोन्ही वेळेला त्याने शाळा सोडल्याचा दाखला घेतला होता.

दाखल्यांच्या गोष्टी खऱ्या आत्याच्या. साठच्या दशकात दर सत्राला वर्गातले चार-पाच दाखले निघत. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात कारकून एकच वाक्य लिहून लिहून कंटाळला होता. वर्गशिक्षिका म्हणून आत्याची सही लागायची. "मी पोरांना पास-नापास करण्यापेक्षा परदेशीच जास्त पाठवलं," ती म्हणायची. जाणारं प्रत्येक पोर निरोपाला यायचं, आणि ती त्याला एकच काम सांगायची: पोचल्यावर पत्र टाक, मराठीत.

पत्रं आली. निळी, पातळ, घडीची. त्यांतलं एक आत्याने मला वाचून दाखवलं होतं, १९६३-६४ च्या सुमाराचं. बेने इस्रायल हे अस्सल ज्यू आहेत की नाहीत, असा प्रश्न तिकडच्या धर्मगुरूंनी तेव्हा उकरून काढला होता. लग्न नोंदवायला गेलं की आई कुठली, आजी कुठली, पणजी कुठली याची चौकशी. १९६४ मध्ये त्यावर जेरुसलेमला मोठं आंदोलन झालं आणि सरकारला नमतं घ्यावं लागलं. मुलीने लिहिलं होतं: बाई, ताईचं लग्न अडलंय. शाळेच्या रजिस्टरात आमच्या आईचं नाव आणि आमची जात लिहिली असेल ना? ती उतरवून, शिक्का मारून पाठवाल का?

आई याच शाळेत शिकलेली. आत्या कारकुनाबरोबर अख्खा शनिवार जुनी रजिस्टरं उपसत बसली. नोंद सापडली. उतारा गेला. हजारो वर्षांच्या वंशावळीला माझगावच्या एका कारकुनाची साक्ष! त्या कागदाचा उपयोग झाला की नाही, हे पुढच्या पत्रात आलं नाही. लग्न झाल्याचं मात्र आलं.

माझ्या स्वतःच्या शाळेचा माजी विद्यार्थी संघ आहे. त्याचं मला वर्षातून एकदा पत्र येतं, त्यात बँकेचा खाते क्रमांक असतो. मी शाळेत कधी होतो, कोणाशेजारी बसत होतो, हे तिथे कुणालाही माहीत नाही आणि विचारलंही जात नाही. देणगी मी देतो. पण नातं म्हणायचं तर ते वीज मंडळाशी आहे तितपतच.

आत्याकडे ना संघ होता ना खातं. तिच्याकडे शाईचं पेन होतं. आलेल्या पत्रातलं शुद्धलेखन ती तांबड्या शाईने दुरुस्त करून उत्तराबरोबर परत पाठवायची, अगदी विद्यार्थी पन्नाशीचा झाला तरी. याचा कुणाला राग आल्याचं ऐकिवात नाही. उलट एकाने लिहिलं की, इथे माझ्या चुका काढणारं आता कुणी उरलेलं नाही. त्यांची पोरं हिब्रू बोलणारी. यांचं मराठी १९६२ मध्ये जिथे होतं तिथेच थांबलेलं, 'आगगाडी' आणि 'बिनतारी'सकट. तिकडून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघायला लागलं, त्याचे अंक आत्याला यायचे. ते मात्र तिने तांबडे केले नाहीत.

इकडे रिकाम्या बाकांवर दुसरी पोरं आली. मुसलमान, दलित, घाटावरून आलेल्या माथाडी कामगारांची. शाळा ज्यूंची, वर्गात ज्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आत्या निवृत्त होईपर्यंत तिने जास्त वर्षं यांनाच शिकवलं. यांना कुणी निरोप दिला नाही, कारण ती कुठे गेलीच नाहीत. पत्र टाक म्हणून यांना कोण सांगणार? नावांपुढच्या त्या अकरा रिकाम्या जागा मला हे लक्षात आल्यापासून जास्त टोचतात.

१९९२ मध्ये भारत आणि इस्रायलचे पूर्ण राजनैतिक संबंध जुळले आणि येणं-जाणं सोपं झालं. शेवटी-शेवटी आत्या डोंबिवलीला होती, तेव्हा अश्दोदहून तिघीजणी आल्या. साठी ओलांडलेल्या. येताना खजूर आणले होते. पोहे आणि नारळ इथे डोंबिवलीत घेतले आणि आमच्या ओट्यावर मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खवलेला नारळ, वर फळांचे काप. एलियाहू हनाबीचं, म्हणजे संदेष्ट्या एलियाचं, नाव घेऊन तो वाटतात. आत्याला दिसत फार कमी होतं. तिने एकीचा हात धरून विचारलं, "मधली ओळ, डावीकडून चौथी ना?"

फोटो आला. तिघींनी उलटून पाहिला, आणि खो-खो हसत सुटल्या. पेन्सिलीत दोन नावांची अदलाबदल झाली होती. पन्नास वर्षं आत्या एकीचं तोंड आठवून दुसरीला पत्रं लिहीत होती. आत्याने पेन्सिल मागितली. खोडरबर घरात नव्हता, म्हणून दोन नावांमध्ये तिने दोन बाण काढले. ते अजून आहेत.

आता आत्या नाही, काकाही नाहीत. भारतात चार-पाच हजार बेने इस्रायल उरले असतील, बहुतेक मुंबई-ठाण्यात. फोटो माझ्याकडे आहे. फोनवरच्या एका गटात मी त्याच्या दोन्ही बाजू टाकल्या. अश्दोदवाल्यांनी भिवंडीतल्या एकाचा पत्ता काढून दिला, त्याने मुंब्र्याच्या एकीचा. अकरांपैकी चार जागा भरल्या.

१९६१-६२ ला माझगावच्या कदूरी शाळेत तुम्ही सातवीत असाल, आणि मागच्या ओळीत खिडकीशी उभ्या असलेल्या, टोपी हातात धरलेल्या मुलाला ओळखत असाल, तर कळवा. सात बाकी आहेत.