सिंहाची वंशावळ: छतबीर, चेस्टर आणि 'शुद्ध' रक्ताची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. "दादा, झूमधला सिंह गीरचा आहे की आफ्रिकेतला, हे नुसतं बघून कसं ओळखायचं?" मी लगेच टाइप करायला घेतलं. गीरच्या सिंहाच्या पोटाखाली कातडीची एक लांब घडी लोंबत असते. डोक्यावरची आयाळ विरळ असते, त्यामुळे कान स्पष्ट दिसतात. सोपं आहे. पण पाठवायच्या आधी थांबलो. कारण मला छतबीर आठवलं.

चंडीगडजवळ पंजाबात छतबीरचं प्राणिसंग्रहालय आहे. १९७७ साली सुरू झालं. तिथे सिंहांची पैदास करायची ठरली. काही सिंह आशियाई वंशाचे होते, काही सर्कशीतून आलेले. आणि सर्कशीतल्या सिंहांमध्ये आफ्रिकन रक्त होतं.

आता सर्कस म्हटलं की आपण मराठी माणसांनी जरा सावरून बसायला हवं. भारतातली पहिली मोठी सर्कस उभी केली ती आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी, १८८० साली. पुढे शंभर वर्षं तंबू गावोगाव फिरले. तंबूतल्या सिंहाने डरकाळी फोडली, रिंगमास्टरचं ऐकलं, की झालं. त्याचे आजोबा जुनागडचे की आफ्रिकेतले, हे तिकीट काढणारा कशाला विचारेल? आणि निसर्गानेही अडवलं नाही. आशियाई आणि आफ्रिकन सिंह एकाच प्रजातीचे. एकत्र ठेवले की छावे होतात, आणि त्या छाव्यांनाही छावे होतात.

छतबीरमध्ये तेच झालं. सिंह भराभर वाढले. नव्वदच्या दशकात लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय. मागचे पाय अधू, प्रतिकारशक्ती कमी, आजार पटकन जडायचे. २००० सालच्या सुमारास पैदास थांबवली, नरांची नसबंदी केली. उरलेल्यांना सांभाळायचं, पण पुढची पिढी नको. सरळ शब्दांत सांगायचं तर एक अख्खं कुळ हळूहळू संपू द्यायचं.

तेव्हा बोट दाखवलं गेलं ते संकराकडे. 'रक्त मिसळलं म्हणून सिंह कमजोर झाले.' मला हे वाक्य पूर्ण पटत नाही. दोन वेगळ्या कुळांचं रक्त मिसळलं की पहिल्या पिढीत सहसा फायदाच होतो. अधू पाय आणि आजारपण, ही लक्षणं जास्त करून जवळच्या नात्यात पुन्हापुन्हा पैदास केली की दिसतात. म्हणजे चुका दोन होत्या: कोण कोणाचं, हे न बघता मिसळणं, आणि मग त्याच मोजक्या नातेवाइकांना आपसात वाढवत राहणं. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट, वंशावळीची वही नसणं.

बरं, वही असूनही फसगत होते! अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांनी १९८१ मध्ये आशियाई सिंहांसाठी खास पैदास कार्यक्रम सुरू केला. सगळं शिस्तीत, नोंदी ठेवून. मग स्टीफन ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सिंहांचं रक्त तपासलं. त्या काळी डीएनए वाचणं आजच्यासारखं सोपं नव्हतं, म्हणून रक्तातल्या प्रथिनांचे प्रकार ताडून पाहिले. १९८७ मध्ये निकाल छापून आला. ज्या पाच मूळ सिंहांपासून सगळी पिलावळ झाली होती, त्यांतल्या दोघांचा वंश आफ्रिकन होता! एवढ्या वर्षांची मेहनत, आणि 'आशियाई' म्हणून मिरवणारे बहुतेक सिंह मिश्र निघाले. कार्यक्रम गुंडाळावा लागला. युरोपने नव्वदच्या दशकात नव्याने सुरुवात केली, ती थेट जुनागडच्या सक्करबागेतून सिंह नेऊन.

तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशासाठी? सिंह तो सिंह! तर कारण असं आहे. आशियाई सिंह जंगलात उरलाय तो फक्त गुजरातमध्ये, गीर आणि आसपास. २०२५ च्या गणनेत ८९१ भरले. आकडा छान आहे, पण सगळे एकाच पट्ट्यात. उद्या तिथे साथ आली, तर प्राणिसंग्रहालयातले सिंह हाच राखीव साठा. तो साठाच भलता निघाला तर? बँकेत सोनं ठेवलं म्हणून निश्चिंत राहायचं, आणि गरजेच्या दिवशी पितळ हातात यायचं. म्हणून २०२२ मध्ये मुंबईच्या संजय गांधी उद्यानाला सिंहाची जोडी हवी होती, तेव्हा ती वाघांच्या बदल्यात गुजरातमधूनच आणली गेली.

आता हत्तीकडे वळू, कारण तिथे गोष्ट वेगळ्या टोकाला जाते. आफ्रिकन आणि आशियाई हत्ती हे सिंहांसारखे जवळचे भाऊबंद नाहीत. ते चक्क वेगळ्या वंशांतले (जीनसमधले) आहेत, म्हणून त्यांना पिल्लू होणारच नाही असं धरून चालत. इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात जंबोलिनो नावाचा आफ्रिकन नर आणि शीबा नावाची आशियाई मादी एकत्र राहायची. आणि जुलै १९७८ मध्ये शीबाला पिल्लू झालं! नाव ठेवलं मॉटी, त्या प्राणिसंग्रहालयाचे संस्थापक मॉटर्सहेड यांच्यावरून. कान बापासारखे मोठे, पायांची नखं आईसारखी. पिल्लू वेळेआधी जन्मलं होतं. माणसांनी खूप धडपड केली, पण दोन आठवडेही जगलं नाही. त्याचं शरीर आजही लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात जपून ठेवलंय. त्यानंतर असं दुसरं पिल्लू झाल्याची खात्रीशीर नोंद नाही.

म्हणजे काही रेषा निसर्गाने ओढलेल्या असतात, काही आपण. आणि आपल्या रेषा हलतात! २०१७ मध्ये मांजरकुळाच्या तज्ज्ञगटाने सिंहांची नवी विभागणी मांडली. त्यात गीरचा सिंह आणि पश्चिम व मध्य आफ्रिकेतले सिंह एकाच उपप्रजातीत आले. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतले दुसऱ्या. गंमत बघा, ज्याला आपण 'परका' म्हणत होतो, त्यातला काही भाग कागदावर घरचा निघाला.

आणि मिसळणं दर वेळी पापच असतं असंही नाही. अमेरिकेत फ्लोरिडाचे प्यूमा वीस-तीसवर आले होते. नात्यातल्या नात्यात पैदास होऊन हृदयात दोष, शेपटीला वाकडेपणा. १९९५ मध्ये मुद्दाम टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. नवं रक्त आलं, आणि संख्या सावरली. तिथेही संकरच झाला. फरक एवढाच, की विचार करून, मोजून, नोंद ठेवून झाला.

म्हणून मला 'शुद्ध रक्त' हा शब्द खटकतो. आपल्याकडे तो शब्द माणसांवर लावून काय काय केलंय, हे तुम्हाला मी सांगायला नको. प्राण्यांच्या बाबतीत मुद्दा शुद्धतेचा नाहीच, मुद्दा माहितीचा आहे. छतबीरच्या सिंहांनी काही चूक केली नव्हती. ते जन्मले, वाढले, आजारी पडले आणि निपुत्रिक गेले, कारण त्यांच्या आई-बापांची नोंद कोणी केली नाही.

शेवटी त्या श्रोत्याला मी उत्तर पाठवलं: "पोटाची घडी बघ, कान बघ. पण त्यावरून खात्री होणार नाही. रखवालदाराला विचार, याच्या आई-बापाचं नाव कुठे लिहिलंय का? तेच खरं उत्तर."

तुमच्या जवळच्या प्राणिसंग्रहालयात विचारून बघा आणि काय कळलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!